मलकापूरपर्यंत

वामनने आफ्रिकेचं नाव काढलं त्याला आठवडा होत आला होता, आणि त्या आठवड्यात उकंडराव धाकट्या मुलाशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की ते थोरल्या उत्तमरावाकडे तोंड करून म्हणत, "त्याले म्हना, जेवाले चाल." वामन समोरच बसलेला असे. तो उठे, हातपाय धुई आणि बापाच्या शेजारच्या पाटावर येऊन बसे. ताटं लागत, जेवणं होत. मग उकंडराव भिंतीकडे पाहून म्हणत, "त्याले म्हना, ताक घे."

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. पितरांच्या नावानं घागर भरायची, शेवया आणि चिंचवणी करायची, घरचे सगळे एका पंगतीला बसायचे. अशा सणाला अबोला घरात ठेवून पितरांना पाणी कसं द्यायचं, हे उकंडरावांना सुचेना. म्हणून त्या दिवशी दिवेलागण झाल्यावर त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. उत्तमराव खांबाला टेकला. उकंडरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई मधोमध बसली. तिशीच्या आत ती सासरहून परत आली होती आणि तेव्हापासून या घरात तिच्या शब्दाशिवाय चूल पेटत नव्हती. उकंडरावांची बायको मंजुळाबाई बाजूला बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. आणि आतल्या दाराच्या चौकटीला लागून, पदर सावरून, वामनची बायको कोकिळा उभी होती.

कोकिळा नऊ वर्षांपूर्वी खामगावहून सून होऊन आली. तिचा बाप शाळामास्तर. त्यानं लग्नाआधीच तिला अमरावतीला ट्रेनिंगला घातलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या या जळगावात मुलींची शाळा निघाली तेव्हा बुलढाण्याचे शाळाखात्याचे साहेब स्वतः उकंडरावांच्या दारी आले आणि सुनेला शिकवू द्या म्हणाले. साहेब दारी आले एवढ्यावरच उकंडराव विरघळले. शाळेच्या कमिटीत त्यांचं नाव आलं आणि सून रोज छत्री घेऊन शाळेत जाऊ लागली. वामन मुलांच्या शाळेत मास्तर होताच.

"म्या ठरवलं," उकंडराव उत्तमरावाला म्हणाले. "जायचं तं जाय म्हना. दोन वर्षं राहून पाहाय, अन् वापस ये. मी आडवा येत नाई. पन एकट्यानं जायचं. सून इथी राहीन. तिची शाळा इथी हाये, घर इथी हाये."

ओसरीवरचा ताण एकदम सैल झाला. उत्तमरावाने मान हलवली. मनकर्णाबाई म्हणाली, "हे बराबर बोलला तू, उकंडा. मानूस बाहेर जाते, कमावते, घरी येते. त्यात कोनाचं काही बिघडत नाई."

वामन खाली बघत होता. "बाबा, तसं नाई होत."

"त्याले इचार, काऊन नाई होत."

"काऊन नाई होत बे?" उत्तमरावाने विचारलं.

वामनने एकदा दाराकडे पाहिलं. मग सगळ्या घरादेखत तो म्हणाला, "दादा, मले कोनी बलावलंच नाई. खामगावचे ते गृहस्थ मोंबाशाले रेल्वेत हायेत ना, त्यायनं अन् तिथच्या आपल्या लोकायनं पोरीयची शाळा काढली. त्यायले बाई पायजे. बाई आली तं तिच्या नवऱ्याले पोरायच्या शाळेत जागा देऊ म्हनतात. नेमणूक हिची झाली. मी हिच्यासंगं जाऊन राह्यलो."

उकंडरावांनी आठवड्यात पहिल्यांदा मुलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"मंग मले काऊन म्हनला, मास्तरकी लागली म्हनून?"

"लागनच ना मास्तरकी."

"म्या काय इचारलं ते सांग."

वामनचा आवाज पडला. "तुमी हासाल म्हनून."

उकंडराव हसले नाहीत. हसला उत्तमराव, तोही मनात नसताना, तोंडातून नुसती हवा निसटावी तसा. आणि लगेच त्यालाच वाईट वाटलं. वामन त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला खांद्यावर घेऊन पोळ्याची रांग दाखवणारा, पहिल्या दिवशी शाळेत ओढत नेणारा तोच. "हासलो नाई बे," तो म्हणाला. "पन गावात लोक काय म्हनतीन, त्याचा इचार केला का तू? इथी उकंडरावाचा पोरगा म्हनतात तुले. तथी बाईचा नवरा म्हनतीन."

"म्हनू दे," वामन म्हणाला. "हाये ना मी."

हे उत्तर कोणालाच अपेक्षित नव्हतं. मंजुळाबाईचा चिंचेवरचा हात क्षणभर थांबला.

मनकर्णाबाईने मांडी बदलली. "हे सारं कुठून आलं ते मले ठाऊक हाये. याचं लेकरू घरात खेळत असतं तं याचा पाय उंबऱ्याबाहेर निघाला नसता. नऊ वर्षं काही कमी नाई झाली. धाड गावची पोरगी म्या तुले सांगतलेलीच हाये, उकंडा. चांगलं घर हाये, थे लोक वाट पाहून राह्यले. कोकिळेले कोनी काहाडून देत नाई. दोघी राहातीन घरात. याचं मन बी लागन."

दारातून बांगड्यांचा बारीक आवाज आला आणि चौकट रिकामी झाली.

इथे उकंडरावांनी बोलायला हवं होतं. धाडचं स्थळ बहिणीने पहिल्यांदा काढलं तेव्हा ते "पाहू" म्हणाले होते. विहीर खोदायची का, तर पाहू. खोंड विकायचा का, तर पाहू. नको म्हणायला जड जाई तिथं ते पाहू म्हणत, आणि घरातले त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावत. वामन बापाकडे पाहत होता.

"सकाळी पाहू," असं म्हणून ते उठले.

सकाळी अंगणात आले तर बाजेवर पांढरं धोतर अंथरून कुरडया वाळत घातलेल्या. तिकडे पत्र्यावर सांडगे. कोठीच्या दाराशी नवा कोरा डबा. उकंडराव त्या कुरडयांकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

"इतक्या कोन खाईन?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिकडे गहू कसा असते, कोनाले ठाऊक," मंजुळाबाई म्हणाली आणि एक कुरडई उलटी केली.

"तुले मालूम होतं?"

"होळी झाल्यापासून."

"अन् नेमणूक हिची हाये, हे बी?"

"हाव. मलेच पयले सांगतलं तिनं. रडत होती. जाऊ का म्हने. म्या म्हटलं, मले इचारू नको. मी नाई म्हनीन." मंजुळाबाईने पदराने कपाळ पुसलं. "मंग म्या गहू भिजू घातले."

 घरात महिनाभर कुरडया पडत होत्या आणि आपल्याला दिसल्या नाहीत, याचा राग कोणावर काढायचा ते उकंडरावांना कळेना. त्यांनी पायांत जोडा घातला. "सून कुठी हाये?"

"शाळेत. सकाळची शाळा हाये ना. उद्या सन हाये, लवकर ये म्हना तिले."

हे निमित्त बरं सापडलं. ते निघाले.

मुलींची शाळा बाजारओळीच्या मागे, कापसातली सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनाच्या दोन खोल्यांत भरे. छपराच्या कवेलूंत अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते आणि वारा आला की सरकीचा तेलकट वास येई. कमिटीत नाव असूनही उकंडराव शाळा भरलेली असताना तिथे कधी आले नव्हते. बक्षिसं वाटायला आले होते तेव्हा मुली रांगेत उभ्या होत्या आणि सून कुठे तरी मागे होती. आज ते फाटकाबाहेर, लिंबाखालच्या दगडावर बसले. मुली सुटल्या की तिला हाक मारू, असा त्यांचा बेत.

पण मुली खोलीत नव्हत्याच. अंगणभर पसरल्या होत्या. जमिनीवर रांगोळीने लांबलचक रेघा काढलेल्या, एका कोपऱ्यात खडीचा ढीग, मधून निळीच्या पाण्याचा एक वाकडा ओघळ.

"जळगावहून नांदुऱ्याला जाताना वाटेत काय लागतं?" कोकिळा विचारत होती. घरी तिचा आवाज माजघराबाहेर येत नसे. इथे तो फाटकाबाहेर स्वच्छ ऐकू येत होता, आणि भाषाही वेगळी, पुस्तकातली.

"पूर्णा, बाई."

"मग जा बघू."

एक मुलगी खडीच्या सातपुड्यापासून निघाली, निळ्या ओघळाशी आली, दोन्ही हातांनी परकर गुडघ्यापर्यंत उचलला आणि जपून पाय टाकत पलीकडे गेली. उकंडरावांना हसू आलं. येरळीजवळ पूर्णा उतरताना ते स्वतः धोतर असंच धरत.

नांदुऱ्याहून रेल्वेची रेघ सुरू झाली. मलकापूर, भुसावळ, मनमाड. प्रत्येक गावाला एक दगड आणि एक मुलगी. मुंबईचा दगड अगदी फाटकाशी.

"आणि मुंबईच्या पुढे?"

"समुद्र."

"तो अंगणात मावत नाही," कोकिळा म्हणाली. "चला, बाहेर या."

ती फाटक ओलांडून आली आणि लिंबाखाली सासरे बसलेले पाहून जागीच थांबली. हात आपसूक पदराकडे गेला. मागून पंधरावीस मुली तिच्या अंगावर येऊन थबकल्या.

"मामंजी, तुमी?"

"काही नाई. तुहं चालू दे. बसलो मी."

एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आजोबा समुद्रात बसले."

मुली फिसकन हसल्या. उकंडरावांना उठून बाजूला व्हावंसं वाटलं, पण समुद्र कुठवर आहे हे माहीत नसल्यामुळे कुठे सरकावं ते कळेना. कोकिळेच्या चेहऱ्यावर हसू आणि संकोच दोन्ही आले. मग हसू राहिलं. "बसू द्या त्यांना," ती मुलींना म्हणाली. "समुद्रात वाटेत बेटं असतात."

"मोंबासा कुठे, बाई?"

"ती विहीर दिसते ना, रस्त्यापलीकडची? तिथे."

मुलींनी विहिरीकडे पाहिलं. जळगाव ते नांदुरा दोन पावलांचं, आणि ही विहीर पार रस्त्याच्या त्या अंगाला. मग सगळ्या धावत सुटल्या. एकटी एक मुलगी मागे राहिली. कमरेवर लहान भाऊ घेतलेली, कडूबा माळ्याची रुख्मी. ती फाटकाशी मुंबईच्या दगडावर उभी होती.

"काय झालं गं?"

"इतकं लांब, बाई?" रुख्मी म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरू लागला.

कोकिळेने तिच्या कमरेवरचं पोर आपल्याकडे घेतलं, तिचा हात धरला आणि दोघी मिळून रस्ता ओलांडून गेल्या. विहिरीच्या काठाला हात लावला, तशाच परत आल्या. "बघ. येताही येतं," कोकिळा म्हणाली.

उकंडराव जोड्यांची टोकं बघत बसले. 

तेवढ्यात डोक्यावर वांग्यांची रिकामी पाटी घेऊन स्वतः कडूबाच आला. त्याने उकंडरावांना पाहून पाटी खाली ठेवली. "राम राम, पाटील. बरं झालं भेटले. पोरीले घ्यायले आलो. आता शाळेतून काढतोच म्हटलं तिले."

"काऊन?"

"बाई जाऊन राह्यल्या म्हनते गाव. पोट्टं सांभाळायले घरी कोनी नाई, तं बाई म्हने, त्याले बी घेऊन येत जाय शाळेत, पन तू शाळा सोडू नको. कोनती मास्तरीण असं म्हनन? या बाईसाठी पाठवत होतो मी. नव्या बाईचं काय सांगावं."

"काढू नको पोरीले," उकंडराव म्हणाले. "मी नवी बाई आनतो. सत्यभामाबाई म्हनून हाये अकोल्याची, कमिटीत नाव आलं होतं तिचं. मीच जातो. लेकरू आनू देन अशीच बाई आनीन."

"म्हनजे बाई जाऊन राह्यल्या, हे खरं हाये तं."

"हाव," उकंडराव म्हणाले. "जाऊन राह्यल्या."

आणि आपण काय बोललो, हे त्यांना कडूबाच्या चेहऱ्यावरून कळलं. इतके दिवस ज्याला पाहू म्हणत होते ते एका माळ्याशी बोलताना तोंडातून सहज निघून गेलं होतं. परत घ्यावंसं वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं कोणी उतरवून बाजूला ठेवलं, असं वाटलं.

शाळा सुटल्यावर सासरा पुढे आणि सून दोन पावलं मागे, असे ते घराकडे निघाले. कोकिळेच्या हातांना अजून रांगोळी लागलेली होती. बाजारओळ मागे पडली.

"त्यानं मले खरं काऊन नाई सांगतलं?" उकंडरावांनी पुढे बघतच विचारलं.

"ते सांगनार होते, मामंजी. मीच नका म्हटलं. तुमाले चारचौघांत खाली पाहा लागलं असतं, अन् ते माह्याच्यानं झालं असतं."

ते थोडं चालले.

"इथी बी पोरी हायेत. त्या रुख्मीले सोडून तुले तिकडच्या पोरी कशाले पायजेत?"

 ते थांबले, तशी तीही थांबली. रस्त्यात उन्हाशिवाय कोणी नव्हतं.

"रुख्मीले सोडून जायचं म्हनजे जीव तुटते माहा," ती म्हणाली. "पन इथी मले रोज कोनी ना कोनी पोटाचं इचारते, मामंजी. पानी भरताना, हळदीकुंकवाले, देवळात. नऊ वर्षं झाली. चांगल्या मनानंच इचारतात. तिकडे नुसतं नाव इचारतीन." तिने हातांवरची रांगोळी झटकली. "अन् दुसरं म्हनजे, मले पाहायचं हाये तिकडे. खरंच पाहायचं हाये."

धाडचं तिने काढलं नाही. तिने ते काढलं असतं तर उकंडरावांना सोपं गेलं असतं. ते नुसते "हं" म्हणाले आणि चालू लागले. पण आता पावलं हळू टाकू लागले, सून मागे पडू नये म्हणून.

अखजीला घागरी भरल्या. उकंडरावांनी आजाचं, बापाचं, आईचं नाव घेऊन पाणी सोडलं. पंगत बसली. शेवया वाढून झाल्या, चिंचवणीच्या वाट्या फिरल्या, आणि आता बोलणं काढायला हरकत नाही असं पाहून मनकर्णाबाई म्हणाली, "उकंडा, धाडच्या लोकायले काय कळवायचं? सनावाराचा दिवस हाये, आज सांगून टाकू."

"कळवलं म्या काल," उकंडराव म्हणाले. "नाई म्हनून."

मनकर्णाबाईचा हात वाटीवरच राहिला. "मले न इचारता?"

"तुले इचारलं असतं तं म्या पुन्हा पाहू म्हटलं असतं." त्यांनी ताट थोडं पुढे सारलं. त्यांचा आवाज मऊ होता. बहिणीशी ते कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "बाई, तुह्या घरी सवत आली त्या दिवशी तुले आनायले मीच गेल्तो. इसरली का? बैल थकले होते, ऊन होतं, म्या तुले म्हटलं पानी पी, तं तू हूं बी केलं नाई. रोहिणखेडपासून इथपर्यंत तू गाडीत माह्याकडे पाठ करून बसली होती. तुही पाठ पाहून पाहून माहं काळीज फाटलं. तशी गाडी मले दुसऱ्यांदा नाई हाकायची. खामगावच्या रस्त्यानं तं नाईच नाई."

पंगतीत कोणी घास उचलला नाही. वामनने मान खाली घातली होती. वाढायला उभी असलेली कोकिळा तशीच परत आत गेली.

मनकर्णाबाईने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी जिती राह्यली ना. म्हनून वाटलं, हे बी राहीन." आणि थोड्या वेळाने, "तवा मले कोनी समुद्रापलीकडे बलावलं असतं तं मी बी गेली असती." तिने घास घेतला. घरातले सगळे पुन्हा जेवू लागले.

"वामन," उकंडराव म्हणाले, "ताक घे."

दुपारी मनकर्णाबाई कोकिळेच्या खोलीत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तिकडे अंगण असतं का, तुळस लागते का, तिथली माणसं कोणती बोली बोलतात, पाणी कुठून भरायचं, इतकं सगळं तिने विचारून घेतलं. पोटाचं विचारलं नाही.

निघायचा दिवस मृग लागायच्या आत धरला. पुढे समुद्र खवळतो म्हणत होते. दोघं नागपूरला जाऊन पासपोर्ट घेऊन आले. अकोल्याच्या सत्यभामाबाई येऊन जिनाच्या खोल्या पाहून गेल्या, आणि लेकरं वर्गात चालतील म्हणाल्या. उत्तमराव लोकांना काय सांगायचं ते अजून ठरवू शकला नव्हता. पण ट्रंकेचा कडीकोयंडा त्यानेच ठोकून बसवला, गाडीला वंगण त्यानेच घातलं, आणि कुरडयांचा डबा फुटू नये म्हणून गाडीत कडब्याची गादी केली.

उकंडरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी शिवेपर्यंत येईन. तिथून वापस." मंजुळाबाईने दारात दोघांच्या हातावर दही घातलं, कोकिळेला जवळ घेतलं, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे बैलांना नावं ठेवू लागली. मनकर्णाबाई गाडीच्या मागे मागे वेशीपर्यंत चालत आली.

शीव आली. उत्तमरावाने बैल थांबवले. उकंडराव खाली उतरले नाहीत. "पूर्णेपर्यंत येतो," ते म्हणाले. "उतारावर बैल बिचकतात."

पूर्णेला गुडघाभर पाणी होतं. बैल बिचकले नाहीत. पलीकडच्या काठावर उत्तमरावाने पुन्हा गाडी थांबवली आणि बापाकडे पाहिलं. उकंडराव नदीकडे बघत होते. "आता आलोच हावो इथपर्यंत," ते म्हणाले, "तं ठेसनावर सामान चढवायले मानूस लागन."

नांदुऱ्याच्या फलाटावर त्यांनी सामान दोनदा मोजलं, वामनच्या उपरण्याची गाठ सोडून पुन्हा बांधली, पाण्याची सुरई कोकिळेच्या हातात दिली आणि परत घेऊन स्वतःच धरून उभे राहिले. गाडी आली. ट्रंक वर ठेवायला म्हणून ते डब्यात चढले. ट्रंक बसली, वळकटी बसली. गार्डाने शिट्टी वाजवली. ते खिडकीशी बसले होते आणि उठत नव्हते.

"बाबा, गाडी सुटून राह्यली," वामन म्हणाला.

"कळते मले." उकंडरावांनी खिडकीबाहेर उभ्या उत्तमरावाला सांगितलं, "तू बैलगाडी घेऊन थांब. मी मलकापूरपर्यंत जाऊन येतो."

"तिथी काय काम हाये, बाबा?" उत्तमरावाने विचारलं.

"काही नाई," उकंडराव म्हणाले.

उत्तमराव गाडीबरोबर चार पावलं चालला. मग खिडकीतून हात घालून त्याने धाकट्या भावाचं डोकं धरलं, लहानपणी धरत असे तसं, आणि जोरात हलवलं. "लिहीत जाय बे," तो म्हणाला. "तिच्या हातून लिहीत जाय. तुहं अक्षर लागत नाई मले." गाडीने वेग घेतला आणि हात सुटला.

 वामनने एकदा पुढे वाकून बापाच्या पायांवर हात ठेवला, तो उकंडरावांनी तसाच धरून ठेवला. नांगरून ठेवलेली काळी रानं मागे जात होती. कोकिळा एकेक गाव येताना हळू आवाजात नाव सांगत होती, आणि ते ऐकत होते.

मलकापूर आलं. आता मात्र ते उतरले. फलाटावर उभं राहून त्यांनी सुनेकडे पाहिलं. चारचौघांत सुनेशी बोलायची त्यांना सवय नव्हती. "पोरी," ते म्हणाले, "त्याले सांभाळ. लहानपनापासून थो गर्दीत हरवते."

"हाव, मामंजी," कोकिळा म्हणाली. तिने खिडकीतूनच वाकून नमस्कार केला. गाडी हलली. तिचा हात दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग रेल्वेची नुसती रेघ राहिली.

परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. उकंडराव बाकावर येऊन बसले. शेजारी एक म्हातारा शेतकरी तंबाखू मळत होता. त्याने चिमूटभर पुढे केली. "कोनाले पोचवायले आले?"

उकंडरावांनी तंबाखू घेतली. 

"सुनेले," ते म्हणाले. "मास्तरीण हाये ती. मोंबाशाच्या लोकायनं शाळेसाठी बलावून घेतलं तिले."

"एकटी गेली?"

"नाई," उकंडराव म्हणाले. "पोरगा गेला ना संगं."